मार्शल बेटांवरील किरणोत्सर्गी अवपात आणि आहार

अणुस्फोटाने वातावरणात उधळलेली किरणोत्सर्गी धूळ पुन्हा जमिनीवर व पाण्यावर उतरते, त्यास किरणोत्सर्गी अवपात म्हणतात. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांच्या अवपाताचा तेथील रहिवाशांना झालेला उपद्रव बराचसा अन्नपाण्याच्या वाटेने झाला. त्यामुळे चाचण्या थांबल्यावरही तो अनेक दशके टिकला.

१९५४ चा अवपात

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी कंकणद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब उडवण्यात आला. त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे अडीचपट निघाली. काही तासांतच पूर्वेकडील रोंगेलापवर प्रवाळाच्या भुकटीची पांढरी राख पडू लागली. रहिवाशांना कोणतीही पूर्वसूचना नव्हती. मुले त्या राखेत खेळली. पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यांत आणि उघड्या अन्नावरही ती पडली. रोंगेलापवर त्या वेळी ६४ व जवळच्या आयलिंगिनेवर १८ माणसे होती. त्यांना दोनेक दिवसांनी हलवण्यात आले. मळमळ व उलट्या तोवर सुरू झाल्या होत्या. पुढे त्वचेवर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, केस गळाले आणि रक्तातील पेशींची संख्या घटली.

दूषित अन्नपाण्यातून गेलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनचा परिणाम मात्र उशिरा दिसला. थायरॉइड ग्रंथी साध्या व किरणोत्सर्गी आयोडीनमध्ये भेद करत नाही. लहान मुलांची ग्रंथी आकाराने लहान असल्याने तेवढ्याच आयोडीनची मात्रा त्यांना कितीतरी पटींनी अधिक बसते. १९६३ पासून रोंगेलापच्या रहिवाशांत थायरॉइडच्या गाठी आढळू लागल्या. स्फोटसमयी दहा वर्षांखालील असलेल्या बहुसंख्य मुलांना त्या झाल्या. दोन मुलांची वाढ खुंटली.

नारळातील सिझियम

रोंगेलापवासीयांना १९५७ मध्ये बेटावर परत नेण्यात आले. वर्षभरातच त्यांच्या शरीरातील सिझियम-१३७ चे प्रमाण अनेक पटींनी वाढले. याचे कारण तेथील मातीत आहे. प्रवाळी मातीत पोटॅशियम अत्यल्प असते आणि सिझियम धरून ठेवणारी चिकणमातीची खनिजे जवळपास नसतात. रासायनिकदृष्ट्या सिझियम पोटॅशियमसारखेच असल्याने झाडे ते मुळांवाटे शोषून घेतात. नारळ, केवड्याच्या कुळातील पँडानसची फळे आणि कोकणात नीरफणस म्हणून परिचित असलेले फळ, म्हणजे बेटांचा नित्याचा आहारच, दूषित झाला. नारळखेकड्यांत स्ट्रॉन्शियम-९० साचल्याने ते खाण्यास मनाई करण्यात आली. बिकिनीवर परतलेल्या कुटुंबांनाही शरीरातील सिझियम वाढल्यामुळे १९७८ मध्ये पुन्हा बाहेर काढावे लागले. रोंगेलापच्या लोकांनी १९८५ मध्ये स्वतःहून बेट सोडले. त्यांना ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने क्वाजालीन कंकणद्वीपातील मेजाट्टोवर नेले.

पुढील प्रयोगांत मातीला पोटॅशियम क्लोराइडचे खत दिल्यास फळांतील सिझियम मूळच्या सुमारे एकदशांशापर्यंत उतरते, असे दिसले. उपाय साधा आहे, पण तो सापडेपर्यंत लोक विखुरले होते.

कर्करोग व बदललेला आहार

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २०१० मधील अंदाजानुसार १९४८ ते १९७० या काळातील मार्शल रहिवाशांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १.६ टक्के अवपातामुळे असू शकतात. रोंगेलाप व आयलिंगिनेच्या त्या ८२ जणांबाबत हेच प्रमाण ५५ टक्के आहे. पहिला आकडा एकटाच उद्धृत केल्यास दुसरा सहज झाकला जातो.

स्थानिक अन्न वर्ज्य झाल्यावर तांदूळ, मैदा, साखर व डबाबंद मांस यांची मदत येऊ लागली. आज मार्शल बेटांतील मधुमेहाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. आयात अन्न अवपात न झालेल्या बेटांवरही पोहोचले असल्याने हा सर्व दोष चाचण्यांवर टाकता येत नाही. परंतु विस्थापितांपुढे निवडही फारशी नव्हती. नीरफणस जमिनीत पुरून आंबवण्याची ‘ब्विरो’ ही साठवणीची जुनी रीत झाडांवाचून चालत नाही, आणि नव्या वस्त्यांत पुरेशी झाडे नव्हती.