फराहबाग : नगरच्या माळावरचा इराणी महाल

लोणंदकरांना राजवाड्याचं अप्रूप नाही. फलटणचा नाईक-निंबाळकरांचा राजवाडा हाकेच्या अंतरावर आहे. पण नीरा ओलांडून बारामती-दौंडमार्गे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलात, तर भिंगारजवळ वेगळ्याच घराण्याची इमारत भेटते. आपला वाडा आत वळतो आणि चौकातून उजेड घेतो. फराहबागेत चौकच नाही. मधोमध घुमटाचा उंच दिवाणखाना आणि बाहेर तोंड केलेल्या भव्य कमानी. या कमानदार, पुढून उघड्या दालनाला इराणात इवान म्हणतात.

नगरच्या निजामशाही दरबारात इराणी विद्वान आणि सरदारांचा मोठा राबता होता. फराहबागेच्या बांधकामाशी चंगीझखान, न्यामतखान, सलाबतखान अशी नावं जोडली जातात. मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, 1583 मध्ये महाल पुरा झाला.

इवान आणि घुमटाच्या या बांधणीचं मूळ शोधायला फार मागे जावं लागतं. इराणच्या फार्स प्रांतात फिरोजाबादला सासानी राजा अर्दशीरने इ. स. 224 च्या सुमारास महाल बांधला. समोर झऱ्याच्या पाण्याचं तळं, मग मोठा इवान, त्यामागे तीन घुमट. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा? तिथल्या गवंड्यांनी चारही कोपऱ्यांत तिरक्या कमानी टाकल्या. चौकोनाचा अष्टकोन झाला आणि त्यावर घुमट अलगद टेकला. भिंती ओबडधोबड दगडाच्या, वरून गिलावा. दारांवर मात्र पर्सेपोलिसच्या धर्तीची नक्षी. अलेक्झांडरने इ. स. पूर्व 330 मध्ये जाळलेल्या त्या राजधानीची आठवण साडेपाचशे वर्षांनीही पुसली गेली नव्हती.

फराहबागेतही तसंच : आत खडबडीत दगड, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. जिथे पापुद्रे निघालेत तिथे दोन्ही थर शेजारी-शेजारी दिसतात. भोवती हौद होता. नगरसारख्या कमी पावसाच्या मुलखात पाण्यात महाल उभा करायचा, ही हौस थोडी नव्हे. निजामशाहीत या शहराला जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी येई, म्हणून ती परवडली.

ताजमहालाची कल्पना इथूनच घेतली, असं अभिमानाने सांगितलं जातं. पुरावा काही नाही, आणि फराहबागेला त्या शिफारशीची गरजही नाही.

आज हौद कोरडा आहे. इमारत संरक्षित स्मारक आहे, तरी पडझड लपत नाही. जरूर जा, सकाळच्या उन्हात जा. दगडाला हात लावा हवा तर, पण गिलाव्याला लावू नका. तो फार थोडा उरला आहे.