धनुष्य, दोरी आणि गाजर

घोडा माणसाला पाठीवर घेतो, हे आपण इतके गृहीत धरले आहे की ती पाठ या कामासाठी घडलेलीच नाही हे ध्यानात येत नाही. आपल्यासारखे हासळीचे हाड घोड्याला नसते. पुढच्या दोन पायांमध्ये त्याची छाती निव्वळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मागे पाठीचे 18 आणि कमरेचे बहुधा 6 मणके, त्यांखाली लोंबणारे अवजड पोट. आणि या सगळ्यावर खोगीर व स्वार.

डच शास्त्रज्ञ स्लाइपर यांनी 1946 मध्ये या रचनेला धनुष्याची उपमा दिली. कणा ही कमान, पोटाचे स्नायू ही दोरी. दोरी ताणली की कमान उचलते, सैल पडली की पाठ खचते. मग खोगिराखालच्या मणक्यांचे उभे काटे जवळ येतात, कधी एकमेकांवर घासतात. असा घोडा तंग आवळताना कान मागे टाकतो, उडी नाकारतो आणि आपण त्याला खोडकर ठरवून चाबूक दाखवतो. दुखणे पाठीत, शिक्षा मात्र स्वभावाला!

विश्रांतीने दुखणे शमते. पण रोडावलेला स्नायू आपसूक भरून येतोच असे नाही. मराठीत घोड्याच्या चालींना आणि साजाला शब्द उदंड. कण्याला बिलगलेल्या मल्टिफिडस या खोल स्नायूला मी ‘कणाधार’ म्हणतो. मणक्यामणक्याला जागेवर धरणारा हाच. नॅरेल स्टब्स, हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांनी 8 घोड्यांची स्वारी बंद ठेवून आठवड्यातून 5 दिवस, 3 महिने व्यायाम दिला. अल्ट्रासाउंडमध्ये कणाधार दोन्ही बाजूंनी जाड झालेला दिसला. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

या व्यायामाला साधन लागते ते गाजराचे. ते आधी छातीशी धरायचे, मग गुडघ्यांमध्ये, मग पुढच्या खुरांच्या वर. नंतर दोन्ही बाजूंना तंगाकडे, कुल्ल्याकडे, मागच्या पायाच्या घोट्याकडे. प्रत्येक प्रकार 5 वेळा. हनुवटी तिथवर नेताना तोल सांभाळायला पोट आणि कणा आवळावेच लागतात. गाजर लगेच हिसकावू द्यायचे नाही, काही क्षण टिकवायचे. घोडा पाय हलवून पळवाट काढू लागला तर अंतर कमी करायचे. दुखापत ताजी असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय यातले काहीच नको.

पुढे छातीच्या हाडाखाली बोटांनी दाबून पाठ उचलायला लावणे, शेपूट हलकेच बाजूला ओढून तोल धरायला लावणे, जमिनीवर मांडलेल्या बांबूंवरून संथ चालवणे, असे प्रकार येतात. दोरीने मान खाली बांधून घोडा गोल फिरवणाऱ्यांचे मात्र मला पटत नाही. मान खाली दिसते, पोट काम करतेच असे नाही.

सुमारे 2,400 वर्षांपूर्वी ग्रीक झेनोफनने ‘दुहेरी पाठी’चा घोडा निवडायला सांगितले होते: कण्याच्या दोन्ही अंगांना भरलेले मांस. एखाद्या पागेत गेलो की मी आधी खोगीर उतरवायला सांगतो आणि तिथेच तळहात फिरवतो. कण्याची धार हाताला टोचली, तर त्या घोड्यावर त्या दिवशी कोणी मांड टाकू नये.