काडी तुटली, काच शाबूत

चष्मा तुटला असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा काच शाबूत असते. बिजागरीतला स्क्रू पडलेला असतो, काडी मोडलेली असते, नाहीतर नाकावरचा पूल तडकलेला असतो. काचेत मात्र त्या माणसाचा नंबर, अ‍ॅक्सिस, दोन बुबुळांतले अंतर हा सगळा हिशेब उतरलेला असतो, आणि ती त्याच फ्रेमच्या आकारात घासलेली असते. फ्रेम टाकून दिली की चांगली काचही बहुधा वाया जाते, कारण मोठी काच घासून लहान करता येते, लहानीची मोठी होत नाही. म्हणून फ्रेमची दुरुस्ती हा डोळ्यांच्या उपचाराचाच भाग आहे, आणि तो सरकारी आरोग्यव्यवस्थेने आपला मानायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे मत अधिकच लागू पडते. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला हा जिल्हा अकोले तालुक्याच्या डोंगरांपासून जामखेडपर्यंत पसरला आहे. संगमनेर आणि नगर शहरांत विड्या वळणाऱ्या बायकांचे पोट जवळच्या नजरेवर चालते, आणि चाळिशीनंतर नेमकी तीच नजर कमी होते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चष्म्याने मजुरी वाढत असेल, तर काडी मोडून तो फळीवर पडून राहिला की ती घटणारच.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वस्ताईचा: बाजारात तयार चष्मे मिळतात, मग जुना जोडायचा कशाला? दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरकस (सिलिंडरचा) नंबर नसेल, तर हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिरकस नंबर राहिलेल्याला किंवा बायफोकल वापरणाऱ्याला तयार चष्मा पुरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जोडलेली फ्रेम वाकडी बसते. खरे आहे. काचेचे केंद्र बुबुळासमोरून सरकले की प्रिझमचा परिणाम होतो. पाच नंबरच्या काचेत चार मिलिमीटरांचे सरकणे दोन प्रिझम डायॉप्टर होते आणि डोके दुखू लागते. घरी लावलेल्या फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी साय आणते, ते वेगळेच. पण हे सगळे अडाणी दुरुस्तीचे दोष आहेत, आणि त्यावर उतारा शिकलेल्या हाताचाच. असा कारागीर अ‍ॅसिटेटची फ्रेम गरम करून वळवतो, धातूची झाळतो, आणि शेवटी ती सपाट काचेवर उलटी ठेवून दोन्ही काड्या सारख्या टेकतात का ते पाहतो. टीआर-नव्वदच्या लवचिक नायलॉनला मात्र साधा गोंद धरत नाही. फ्रेम विकत घेतानाच दुरुस्तीचा विचार व्हावा लागतो तो यासाठी.

असे कौशल्य गावात रुजत नाही, हे म्हणणे याच जिल्ह्याने खोटे ठरवले आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात कमी शिकलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या, आणि तिथल्या कार्यशाळेत जयपूर पाय तयार होऊ लागले. पाय जोडणाऱ्या तालुक्याला काडी जोडणे अवघड नाही.

उणीव धोरणात आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात, पण प्रगती मोजली जाते ती वाटलेल्या चष्म्यांच्या संख्येने. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली, चष्मा राहून गेला. मुलांच्या फ्रेमला प्रमाणित मापाचा स्क्रू आणि बदलता येणारी काडी हवी, एवढी अट खरेदीत घालता येईल. बारीक पेचकस, स्क्रू, नोजपॅडच्या जोड्या आणि फ्रेम तापवायचा ब्लोअर हे सामान ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याच्या टेबलावर मावते. झाळकामाची फ्रेम नगरला पाठवावी लागेल. स्क्रू आणि नोजपॅडची कामे तिथल्या तिथे होतील.