स्पीकर ‘गेला’ म्हणजे नक्की काय गेले?

‘गेला’ हा आपला लाडका निदानशब्द. पंखा गेला, पंप गेला, मिक्सर गेला. त्याच चालीवर गाडीच्या डिकीतला सबवूफरही एके दिवशी ‘जातो’. काल-परवापर्यंत मागच्या काचेला हादरे देणारा खोका गप्प होतो, नाहीतर घसा बसल्यासारखा खरखरतो. मालक दुकानात जातो आणि स्क्रू सुटायच्या आत निकाल लागतो : ‘बदलावा लागेल, साहेब.’ दुकानदाराला तरी किती दोष द्यायचा? नव्या स्पीकरवर नफा असतो. अर्धा तास मीटर लावून बसण्याचे पैसे द्यायला आपणच कुरकुरतो. मात्र पुष्कळदा नवाही काही दिवसांत त्याच वाटेने जातो. कारण पहिला कशाने मेला, हे कोणी विचारलेलेच नसते.

यंत्र मुळात साधे आहे. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच आजही चालते : चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तिला चिकटवलेला कोन, आणि दोघांना मधोमध धरणारी लवचीक चकती. बिघडायच्या जागाही त्यामुळे मोजक्याच.

पहिले काम, स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवावा आणि साध्या मल्टिमीटरने ओहम मोजावेत. अंगावर ४ ओहम लिहिले असले तरी मीटर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, आणि ते ठीकच आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. पण कुठे? कॉइल जळली असेल तर खर्च आहे. टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणारी विणलेली तार हलून हलून तुटली असेल, तर काम सोल्डरिंगवर भागते. दोन कॉइलच्या सबवूफरमध्ये खरी फसगत होते. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की पावणेदोनच्या आसपास यायला हवेत. साडेतीन आले, तर एक कॉइल किंवा तिचा जोड मेला आहे आणि दुसरी एकटी ओझे ओढते आहे. आवाज येतो, म्हणून स्पीकर ‘चांगला’ ठरतो!

मग हात लावावा. दोन्हीकडून बोटे टेकवून कोन हलकेच आत दाबावा. निमूट सरकला तर बरे. खरवडल्यासारखे लागले, तर कॉइल तापून फुगली किंवा तिरकी झाली. नाकही वापरावे, जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही. कडेची झालर फोमची असेल तर कोकणच्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा भुगा होतो. पण झालर बदलता येते, तेवढ्यासाठी अख्खा स्पीकर टाकायचे कारण नाही.

खोक्यातून येणाऱ्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक धन वायरीला लागले की बहुतेक स्पीकरांचा कोन ‘टक्’ करून बाहेर येतो. दोन सबवूफरांपैकी एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल, तर दोन्ही धडधाकट असूनही बास गायब होतो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. असे किती ‘मृत’ स्पीकर केवळ वायर उलटी केल्याने उठून बसतात!

आता मरणाचे कारण. मोठा ॲम्प्लिफायर लहान स्पीकरला मारतो, अशी समजूत आहे आणि ती खोटी नाही. पण लहान ॲम्प्लिफायरही मारतो, हे कोणी सांगत नाही. त्याचा गेन टोकाला नेला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो, आणि १०० वॅटचे यंत्र जवळजवळ २०० वॅटपर्यंत वीज ढकलू लागते. सबवूफर त्यातला जेमतेम एखादा टक्का ध्वनीत बदलतो. उरलेली उष्णता त्या बारीक तारेच्या गुंडाळीत. त्यात ॲम्प्लिफायरच्या अर्थचा स्क्रू गाडीच्या रंगावरच पिळलेला असेल, तर व्होल्टेज पडते आणि आवाज आणखी लवकर फाटतो. नवा स्पीकर याच स्क्रूवर, याच गेनवर बसतो. मग तो वेगळे काय करणार?

तेव्हा नव्याचे पैसे मोजण्याआधी रंग खरवडून स्क्रू उघड्या पत्र्यावर घट्ट करावा, आणि आवाज फाटतो त्याच्या बराच अलीकडे गेन आणून ठेवावा. जुनाही भंगारात देऊ नये. चुंबक आणि लोखंडी सांगाडा सहसा धड असतो. कोन आणि कॉइल नवी बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. पत्ता हवा असेल तर मांडवात स्पीकर लावणाऱ्या साउंडवाल्याला विचारावे, त्याचे दरवर्षी जळतात. फक्त गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नये. तेव्हा त्या कारागिराला मान वर करायला फुरसत नसते.