विसरायला शिकलेलं रक्त

मेंदूतून निघालेला निरोप पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. हा वेग येतो मज्जातंतूंवर गुंडाळलेल्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशी हे आवरण कुरतडतात. कुणाची नजर अंधूक होते, कुणाचे पाय जड पडतात, आणि तेही बहुतेकदा ऐन विशी-तिशीत.

आपल्याच पेशी असं का करतात? कारण त्यांतल्या काहींनी मायलिनला परकं ठरवून तशी नोंद केलेली असते, आणि त्यांची स्मरणशक्ती दांडगी! लहानपणी घेतलेली गोवराची लस म्हातारपणीही कामी येते, ती याच स्मरणशक्तीच्या जोरावर. मग ही आठवणच पुसून टाकता आली तर?

ही वाट सापडली रक्ताच्या कर्करोगावर उपचार करताना. काही रुग्णांचं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण कर्करोगासाठी केलं, आणि त्यांना आधीपासून असलेला संधिवातासारखा आजारही ओसरला. १९९५ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीत अथानासिओस फासास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच उपाय मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांवर मुद्दाम सुरू केला.

कोकणात भात पेरण्याआधी तरव्याची जमीन राब घालून भाजतात. तणाचं बी जळून जातं आणि घरात जपलेलं बियाणं स्वच्छ मातीत पडतं. इथेही आधी बियाणं बाजूला काढतात, म्हणजे रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी. एरवी त्या अस्थिमज्जेला घट्ट धरून असतात. जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन दिलं की ती पकड सुटते आणि त्या रक्तात उतरतात. रक्त यंत्रातून फिरवून त्या वेगळ्या काढायच्या, वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख, आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवून ठेवायच्या.

मग भाजणी. तीव्र केमोथेरपी आणि प्रतिपिंडांची औषधं जुन्या पांढऱ्या पेशींचा जवळपास निकाल लावतात. हे दिवस खरोखर धोक्याचे असतात, साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

त्यानंतर जपलेल्या पेशी परत देतात. कुठे? हाडात नव्हे, शिरेत! आख्ख्या शरीरातून फिरत त्या आपापलं हाड शोधून काढतात. अस्थिमज्जा एक खुणेचं रसायन सोडते आणि मूलपेशींच्या अंगावर ते ओळखणारे रेणू असतात. पत्ता एवढाच, आणि तो पुरतो. साधारण दहा-बारा दिवसांत रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. या मूलपेशी मज्जातंतू दुरुस्त करत नाहीत. आजार रोखण्याचं काम भाजणीचं. मूलपेशी रुग्णाला त्या भाजणीतून जगवतात आणि रक्त नव्याने उभं करतात. म्हणूनच पाठीत मूलपेशी टोचून मज्जातंतू नवे करून देतो, अशा जाहिरातींपासून रुग्णांनी दूर राहावं, असं मला कळकळीनं वाटतं.

नवं रक्त जुनी चूक पुन्हा का करत नाही? पाओलो मुरारो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की प्रत्यारोपणानंतर थायमस ही छातीतली ग्रंथी नव्या टी पेशी घडवते. मोठेपणी हीच ग्रंथी बरीचशी चरबीत बदललेली असते, बरं का! या पेशींना मायलिनबद्दलचा जुना राग ठाऊकच नसतो. अर्थात लसींच्या आठवणीही पुसट झालेल्या असतात, त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला तान्ह्या बाळाच्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.

कॅनडातल्या एका अभ्यासात २४ रुग्णांवर फार कडक भाजणी केली. त्यात एक दगावला. उरलेल्या २३ जणांना वर्षानुवर्षं औषधाविना एकदाही झटका आला नाही, एमआरआयमध्ये एकही नवा डाग दिसला नाही. २०१९ मध्ये सौम्य पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दोन गटांत मिळून ११० रुग्ण होते. औषधं घेणाऱ्यांपैकी ३४ जणांचा आजार बळावला, प्रत्यारोपण झालेल्यांपैकी फक्त तिघांचा, आणि मृत्यू एकही नाही.

आधीच मेलेले तंतू मात्र यातून परत येत नाहीत. म्हणून हा उपाय लाभतो तो आजार तरुण, धगधगता असताना. पण त्याच टप्प्यावर आता जोरकस नवी औषधंही मिळतात. त्यांच्यापुढे प्रत्यारोपण किती टिकतं, हे ताडून पाहण्यासाठी अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वेतल्या डॉक्टरांनी समोरासमोरच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत.