आर्डुइनोने किरणोत्सर्ग कसा मोजतात?

मार्च 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुऊर्जा प्रकल्पात अपघात झाला. आपल्या गल्लीत किरणोत्सर्ग किती, हे लोकांना कळेना. मग 'सेफकास्ट'च्या स्वयंसेवकांनी गायगर काउंटरला आर्डुइनो जोडून यंत्रं बनवली, ती गाड्यांना लावली आणि स्वतःच नकाशा तयार केला.

हे चालतं कसं? गायगर ट्यूबमध्ये वायू असतो. त्यात किरण शिरला की विजेचा एक ठोका पडतो. आर्डुइनो फक्त दर मिनिटाचे ठोके मोजतो.

पण जपून! अनेक ट्यूबना साधारण 400 व्होल्ट लागतात. आर्डुइनोला झेपतात जेमतेम 5. थेट जोडलात तर बोर्ड जळेल, शॉकही बसेल. मध्ये ठोका 5 व्होल्टवर आणणारं सर्किट हवंच.

आणि ठोके पडले म्हणून घाबरू नका. नैसर्गिक किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो. आधी तुमच्या घरचा रोजचा आकडा लिहून ठेवा. तरच वाढ ओळखता येईल.