भंगार काट्यावर, विमान कागदावर

वाईच्या बाजारात पितळेची मोड किंवा अॅल्युमिनियमची फुटकी भांडी नेली, तर भंगारवाला आधी धातू वेगळे करतो आणि मग काट्यावर टाकतो. वस्तू कोणी घडवली, किती वर्षे वापरली, हे तो विचारत नाही. भाव किलोचा. पण एक भंगार असे आहे की, त्याचा मोठा पैसा काट्यावर मिळत नाही, कागदावर मिळतो. ते भंगार म्हणजे आयुष्य संपलेली विमाने. वाईला विमानतळ नाही, हे खरे. तरीही या धंद्यातली एक गोष्ट आपल्या गॅरेजवाल्यांना, शिवणकाम करणाऱ्यांना आणि जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांना समजून घेण्यासारखी आहे.

वाळवंटच का?

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात टक्सन शहराजवळ लष्कराचा एक तळ आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर उरलेली बाँबफेकी आणि मालवाहू विमाने १९४६ पासून तेथे आणून उभी करण्यास सुरुवात झाली. आज तेथे हजारो विमाने रांगा करून उभी असतात. लोक त्याला विमानांचे कब्रस्तान म्हणतात. याखेरीज कॅलिफोर्नियातील मोहावे व व्हिक्टरव्हिल, स्पेनमधील तेरुएल आणि ऑस्ट्रेलियातील अॅलिस स्प्रिंग्ज येथेही प्रवासी विमानांचे असेच तळ आहेत. २०२० साली कोरोनामुळे उड्डाणे थांबली, तेव्हा सिंगापूर आणि हाँगकाँगच्या कंपन्यांनी आपली कितीतरी विमाने अॅलिस स्प्रिंग्जला पाठवली. त्यांच्या स्वतःच्या शहरांची हवा दमट आहे आणि दमट हवा विमानाला खाते.

महाबळेश्वरच्या पावसात पत्र्याचे काय होते, ते वाईकरांना सांगायला नको. वाळवंटात पाऊस कमी आणि हवा कोरडी, म्हणून गंज धरत नाही. टक्सनची जमीन चुन्याच्या थराने इतकी घट्ट झालेली आहे की, अवजड विमान काँक्रीट न घालता तसेच मातीवर उभे करता येते. आल्यावर विमानातील इंधन काढतात, फटी बंद करतात आणि ऊन परतवणारा पांढरा लेप देतात. काही विमाने पुन्हा उडतात. बाकीच्यांचे भाग एकेक करून निघतात.

आखातात नोकरी केलेल्या आपल्यापैकी काहींनी असे दृश्य पाहिलेही असेल. उम्म अल कुवैनच्या रस्त्यालगत एक मोठे रशियन बनावटीचे मालवाहू विमान वीस वर्षांहून अधिक काळ उभे होते. त्याच्या अंगावर हॉटेलची जाहिरात रंगवली होती. २०२२ साली ते तोडण्यात आले.

कुंपणाबाहेरची माणसे

या तळांच्या कुंपणाबाहेर कॅमेरा आणि वही घेऊन बसणारी माणसे जगभर आहेत. वाळवंटात ती पहाटेच येतात. ऊन चढले की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून काढलेले चित्र पाण्यात पाहिल्यासारखे हलते. चित्र सुंदर यावे ही इच्छा असतेच, पण त्यांचे खरे काम आकडा टिपण्याचे. प्रत्येक विमानाच्या अंगावर नोंदणी क्रमांक असतो. आपल्या देशातील विमानांचा क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. विमान परदेशी विकले की हा क्रमांक बदलतो, रंग आणि नावही बदलते. परंतु कारखान्याने दिलेला घडणीचा क्रमांक जन्मभर तोच राहतो. छंदी माणूस या दोन क्रमांकांवरून विमानाची कुंडली जुळवतो.

मुंबईत हा छंद जोपासणारे जरीमरीच्या चढावर जातात. तेथून धावपट्टीवर उतरणारे विमान अगदी जवळून दिसते. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे 'आग्रा' नावाचे जंबो जेट, क्रमांक व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून शेवटचे निघाले. अमेरिकेत नेऊन त्याचे भाग सुटे करायचे होते. उडताच वैमानिकाने पंख डावीउजवीकडे हलवून निरोप दिला. अनेकांनी ते दृश्य टिपून ठेवले.

या आकडे टिपण्याला पोरखेळ समजू नये. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका छंदी छायाचित्रकाराने एका बोइंग ७३७ चे छायाचित्र काढले. त्यावर एन३१३पी हा क्रमांक होता. खालिद अल-मसरी या निरपराध जर्मन नागरिकाला मॅसेडोनियातून उचलून अफगाणिस्तानातील गुप्त तुरुंगात नेणारे विमान तेच होते. नावातील साम्यामुळे त्याला पकडले होते. सुटून आल्यावर तो आपली हकीकत सांगू लागला, तेव्हा अशा छायाचित्रांतील क्रमांक आणि उड्डाणांच्या नोंदी पत्रकारांना उपयोगी पडल्या. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मॅसेडोनियाला दोषी धरून त्याला ६० हजार युरो भरपाई देण्यास सांगितले. एका गरीब माणसाच्या बोलण्याला आकड्याचा आधार मिळाला.

पैसा कशात आहे?

आता धंद्याकडे वळू. जुन्या विमानाची बहुतेक किंमत त्याच्या इंजिनांत असते. त्याखालोखाल चाकांचा सांगाडा आणि वैमानिकाच्या खोलीतील उपकरणे. उरलेले धड धातूच्या भावाने जाते. एअरबस कंपनीने २००५ ते २००७ या काळात फ्रान्समधील तार्ब येथे एक जुने विमान पद्धतशीरपणे सुटे करून पाहिले. वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतचा माल पुन्हा वापरता येतो किंवा वितळवता येतो, असे त्यातून दिसले.

पण इंजिनातील एक चकती घ्या. तिचे आयुष्य ठराविक उड्डाणांचे असते. ती कोणत्या कारखान्यात घडली, कोणकोणत्या इंजिनात बसली, किती उड्डाणे झाली, कोणी तपासली, हे सर्व पहिल्या दिवसापासून कागदावर सलग असावे लागते. कागद पूर्ण असेल तर चकतीला मोठी किंमत येते. मधला एक दुवा हरवला, तर तीच चकती, तितकीच चकचकीत, काट्यावर जाते.

म्हणूनच येथे फसवणूकही कागदाची होते. २०२३ साली लंडनमधील एका व्यापाऱ्याने इंजिनांचे हजारो भाग बनावट प्रमाणपत्रांवर विकल्याचे उघडकीस आले. अनेक देशांतील विमान कंपन्यांना इंजिने उघडून ते भाग शोधावे लागले. प्रवाशांच्या जिवाशी खेळ झाला आणि सचोटीने धंदा करणाऱ्या इतर व्यापाऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

नागपूर, मुंबई, कोलकाता

आपल्याकडे वाळवंटातले तळ नाहीत, पण विमाने अडकून पडतात. नागपूरला १९९१ साली बिघाडामुळे उतरलेले एक बोइंग ७२० धावपट्टीजवळ तब्बल २४ वर्षे उभे राहिले. मालक कंपनी ते नेऊ शकली नाही. अखेर २०१५ साली ते तेथून बाजूला हलवण्यात आले. तोपर्यंत त्यात विकण्याजोगे काय उरणार?

किंगफिशर कंपनीची उड्डाणे २०१२ मध्ये बंद पडली. तिच्या मालकाचे खाजगी विमान सेवाकर खात्याने थकबाकीपोटी जप्त केले. लिलावासाठी सुमारे १५२ कोटी रुपये किमान किंमत ठरवली होती. २०१६ साली बोली आली अवघी एक कोटीच्या आसपास. ती नाकारली गेली. शेवटी २०१८ मध्ये ते सुमारे ३५ कोटींना गेले. मधल्या वर्षांत विमान मुंबईच्या पावसात उभे होते आणि विमानतळाच्या जागेचे भाडे चढत होते.

कोलकात्याची गोष्ट तर प्रत्येक दुकानदाराने ऐकावी अशी आहे. २०१२ पासून तेथे एक जुने बोइंग ७३७ उभे होते. मालक एअर इंडिया. पण कंपनीच्या नोंदींतून ते निसटले आणि आपल्याकडे असे विमान आहे, याचाच कंपनीला विसर पडला. विमानतळाने आठवण करून दिली, तेव्हा भाड्याची रक्कम एक कोटीच्या घरात गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते इंजिनिअरांच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरला हलवण्यात आले. जिथे विमान हरवते, तिथे आपल्या गोदामातला माल हरवणे काय कठीण?

कसबी हातांना जागा

विमान तोडणे म्हणजे केवळ गॅस कटर चालवणे नव्हे. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने आपल्या जुन्या विमानांतील कातडे आणि सीटचे कापड फेकले नाही. कंपनीच्याच शिंप्यांनी ते धुऊन, कापून हाताने पिशव्या व बॅगा शिवल्या आणि त्या विकल्या गेल्या. अन्यत्र पंखाच्या पत्र्याची टेबले आणि धडाच्या पत्र्याचे किल्लीचे बिल्ले बनतात. बिल्ल्यावर विमानाचा क्रमांक कोरलेला असतो आणि गिऱ्हाईक त्या क्रमांकाचेच पैसे मोजते.

धातूतही असेच. विमानाच्या काही पत्र्यांत अॅल्युमिनियमबरोबर तांबे असते, तर काहींत जस्त. वेगवेगळे ठेवले तर चांगला भाव, एकत्र वितळवले तर ओतकामाचा हलका माल. खानापूर, आटपाडीकडचे आपले गलाई बांधव देशभर सोन्याचांदीची गलाई करतात. मिसळीने कस कसा उतरतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

एक सावधगिरी

ज्या तरुणांना विमानांची छायाचित्रे काढण्याची आवड आहे, त्यांनी कायदा समजून घ्यावा. आपल्याकडे विमानतळाच्या आवारातील छायाचित्रणावर १९३७ च्या विमान नियमांपासून बंधने आहेत. आपल्याला जवळचा पुण्याचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचा. दिल्लीत २०१० साली विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमाने टिपणाऱ्या दोन ब्रिटिशांना अटक झाली. दंड भरून घरी परतायला त्यांना सुमारे दोन महिने लागले. ग्रीसमध्ये २००१ साली १२ ब्रिटिश व दोन डच छंदी पकडले गेले आणि निर्दोष ठरायला पुढचे वर्ष उजाडले. तेव्हा परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि लष्करी जागेकडे कॅमेरा वळवूच नये.

व्यापारी बंधूंना सांगणे इतकेच. जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स असो की शिलाई मशीनची मोटर, माल आला त्या दिवशी तारीख, क्रमांक, कोणाकडून घेतला आणि काय दुरुस्ती केली, हे वहीत लिहा. शक्य तर फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकाला बिलाबरोबर ती नोंद द्या. चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती कमी होईल, उद्या कोणी बोट दाखवले तर वही पुढे करता येईल आणि किलोने जाणारी वस्तू नगाच्या भावाने जाईल. वहीला खर्च येतो काही रुपयांचा.